नेपियरवर आणल्यापासून दूध वाढले, पण फॅट उतरली: वैरणीचा मेळ कसा घालावा?

प्रश्न: कासरा

नमस्कार. माझ्याकडे सध्या चार म्हशी दुधात आहेत आणि प्रत्येकीचे वजन अंदाजे 500 किलो असावे. आतापर्यंत त्यांना पोटभर ज्वारीचा कडबा, बांधावरचे गवत, मिळतील तेव्हा उसाचे वाढे आणि प्रत्येकी रोज 4 किलो खुराक (पेंड, भरडा) अशी वैरण होती. या वैरणीवर म्हशीमागे दिवसाला सरासरी 6 लिटर दूध निघत होते आणि फॅट 7.2 लागत होती.

पाण्याची सोय झाल्यावर संकरित नेपियर लावले. ते जोमाने फुटले, तेव्हा विकतच्या वैरणीचा भार कमी व्हावा म्हणून कडबा जवळजवळ बंद करून म्हशींना नेपियरवर आणले. आता प्रत्येकीला दिवसाला सुमारे 35 किलो हिरवे नेपियर, 2 किलो कडबा आणि पूर्वीइतकाच खुराक मिळतो. गवत गुडघ्याच्या थोडे वर आले, म्हणजे महिनाभराचे झाले, की मी कापतो, कारण त्या अवस्थेत म्हशी ते आवडीने खातात आणि गव्हाणीत देठ शिल्लक राहत नाहीत. या बदलानंतर दूध 7 लिटरवर गेले, मात्र फॅट 6.2 वर आली. शेण पातळ पडू लागले आहे आणि दुपारी बसून रवंथ करणाऱ्या म्हशी आता बराच वेळ उभ्याच दिसतात.

माझे प्रश्न असे आहेत. हिरवा चारा एवढा दिल्यावर फॅट का उतरावी? आपल्या रानात येणाऱ्या चाऱ्यावर दूध आणि फॅट दोन्ही टिकवता येतात का, आणि त्यातून खुराक काही प्रमाणात कमी करता येतो का? शिवाय अझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी वनस्पती) घालावा असा सल्ला अनेकांनी दिला आहे, त्यात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद: रवंथ

आपण आकडे नीट दिले आहेत, त्यामुळे उत्तर आकड्यांतच शोधता येईल. प्रथम फॅटचा हिशोब टक्क्यांऐवजी ग्रॅममध्ये मांडून पाहावा. पूर्वी 6 लिटर दुधात 7.2 टक्के म्हणजे सुमारे 432 ग्रॅम फॅट निघत होती आणि आता 7 लिटर दुधात 6.2 टक्के म्हणजे 434 ग्रॅम निघते. म्हणजे म्हैस दिवसाला जेवढी फॅट पूर्वी देत होती तेवढीच आजही देते. वाढलेल्या एका लिटरबरोबर फॅट वाढायला हवी होती, ती वाढली नाही, एवढाच काय तो फरक. तेव्हा म्हशीचे काही बिघडले आहे असे समजून औषधांच्या मागे लागू नये.

आता ही फॅट का वाढली नाही ते पाहू. गवताचे वजन आपण ओले मोजता, पण म्हशीच्या पोटाला उपयोग होतो तो पाणी वजा जाता उरलेल्या भागाचा. महिनाभराच्या कोवळ्या नेपियरमध्ये शुष्क पदार्थ जेमतेम 13 टक्के असतो, त्यामुळे 35 किलो गवतातून साडेचार किलोच हाती लागतात. 2 किलो कडब्यातून 1.8 किलो आणि 4 किलो खुराकातून 3.6 किलो मिळतात, आणि एकूण बेरीज 10 किलोच्याही आत राहते. दुधातल्या म्हशीला वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ लागतो, म्हणजे आपल्या म्हशींना 13 ते 14 किलो लागणार. पोट गच्च भरलेले दिसते, पण त्यात बहुतांश पाणी आहे. त्यातच या 10 किलोंमध्ये खुराकाचा वाटा एक तृतीयांशाच्या पुढे गेला आहे आणि ज्या धाग्यासाठी म्हैस चघळते, तो धागा उरला आहे फक्त दोन किलो कडब्यात.

फॅटचा संबंध याच धाग्याशी आहे. कोठीपोटातील, म्हणजे चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटातील, सूक्ष्मजीव तंतुमय चारा आंबवतात तेव्हा त्यातून मुख्यतः ॲसिटिक आम्ल तयार होते, आणि दुधातील फॅटचा जवळजवळ निम्मा भाग कासेमध्ये अशा आम्लांपासूनच घडतो. धान्य, भरडा किंवा पिठासारखा खुराक जास्त झाला की प्रोपिऑनिक आम्लाचे प्रमाण वाढते, ते दुधाच्या मात्रेला मदत करते पण फॅटला करत नाही. शिवाय लांब धाग्याची वैरण चघळताना भरपूर लाळ सुटते, त्या लाळेतील क्षार कोठीपोटातील आम्लता आवरून धरतात. चघळण्यासारखे काही उरलेच नाही की लाळ कमी, आम्लता जास्त आणि शेण पातळ, हा क्रम ठरलेला आहे. आपण सांगितलेले पातळ शेण आणि घटलेले रवंथ हेच दाखवतात. गोठ्यात आराम करत बसलेल्या जनावरांपैकी निम्म्याहून अधिक जनावरे रवंथ करताना दिसायला हवीत. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, दुपारी दाराशी उभे राहून पाहिले तरी पुरते.

उपाय म्हणून नेपियर कापायची वेळ आधी बदलावी. लावणीनंतरची पहिली कापणी दोन ते अडीच महिन्यांनी आणि त्यानंतरच्या कापण्या 40 ते 45 दिवसांच्या अंतराने घ्याव्यात. गुडघ्याएवढे गवत कापल्याने पाणी मिळते, शिवाय मुळांत साठा होऊ न दिल्यामुळे ठोंबही लवकर थकतात. दुसऱ्या टोकाला अडीच-तीन महिने उभे ठेवून बांबूसारखे झालेले नेपियर देणेही व्यर्थ आहे, कारण तोवर प्रथिने 8-9 टक्क्यांवरून 5 टक्क्यांच्या आसपास घसरतात आणि देठ पचत नाहीत. लोक हिरवा रंग पाहून चारा चांगला ठरवतात, पण माझ्या मते चाऱ्याचे वय विचारल्याशिवाय त्याच्याविषयी काहीच बोलू नये.

त्यानंतर वैरण अशी मांडावी: 40-45 दिवसांचे नेपियर 20 किलो, लसूणघास किंवा तत्सम द्विदल चारा 10 किलो, कडब्याची कुट्टी 5 किलो आणि खुराक 4 किलो. यातून शुष्क पदार्थ अनुक्रमे 4, 2, साडेचार आणि 3.6 किलो, म्हणजे एकूण 14 किलोंच्या आसपास येतो. प्रथिनांची बेरीज केली तर नेपियरमधून सुमारे 320 ग्रॅम, लसूणघासातून 400 ग्रॅम, कडब्यातून 180 ग्रॅम आणि 20 टक्के प्रथिनांच्या खुराकातून 720 ग्रॅम मिळतात. हे मिळून सुमारे 1,600 ग्रॅम झाले, एकूण आहाराच्या साडेअकरा टक्के. सात-आठ लिटरच्या म्हशीला एवढे पुरते. आपल्या सध्याच्या वैरणीतून, नेपियर कोवळे म्हणून त्यात 11 टक्के प्रथिने धरली तरी, 1,300 ग्रॅमच मिळतात.

कडब्याची कुट्टी दोन-तीन सेंटिमीटरची ठेवावी. तिचा भुगा करू नये, कारण भुगा चघळावा लागत नाही आणि मग कडबा देऊनही न दिल्यासारखा होतो. खुराक दोन्ही वेळेच्या धारेला अर्धा-अर्धा वाटून द्यावा आणि त्याआधी म्हशीच्या तोंडी थोडी कोरडी वैरण पडू द्यावी.

प्रतिसाद: शेवटची धार

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु वैरणीला दोष देण्यापूर्वी नमुना कसा घेतला जातो ते एकदा तपासावे. म्हशीच्या पहिल्या धारेत फॅट अगदी कमी असते आणि शेवटच्या धारांमध्ये ती कित्येक पटींनी जास्त असते. पारडू शेवटी सोडले तर घट्ट दूध त्याच्या पोटात जाते आणि किटलीत पातळ दूध उरते. पान्हवण्यापुरते पारडू आधी लावून बाजूला घेतले आणि कास पूर्ण रिकामी केली तर त्याच म्हशीचे, त्याच वैरणीवरचे दूध वेगळी फॅट दाखवते. धार काढणारा माणूस मध्येच बदलला असेल तर हेही लक्षात घ्यावे, कारण एखाद्याच्या हाताला म्हैस नीट पान्हा सोडत नाही आणि शेवटचे दूध कासेतच राहते.

दोन धारांमधील अंतर असमान असेल तर लांब अंतरानंतरच्या धारेला दूध जास्त आणि फॅट कमी लागते. यासाठी सकाळ-संध्याकाळचे दूध त्यांच्या मापाच्या प्रमाणात एकत्र करून, खालवर ढवळून मगच नमुना घ्यावा. वेताची अवस्थाही पाहावी, कारण व्याल्यानंतर दोन-तीन महिने दूध चढते राहते तेव्हा फॅट कमीच असते आणि दूध उतरू लागले की तीच वाढते. चारपैकी तीन म्हशी नुकत्याच व्यालेल्या असतील तर फॅट उतरण्याचे निम्मे कारण तेच असू शकते.

कासरा

दोघांचेही आभार. म्हशी व्याल्याला चार ते सहा महिने झाले आहेत, त्यामुळे वेताच्या सुरुवातीचा मुद्दा येथे लागू होणार नाही. पारडू मात्र शेवटी सोडले जाते, ते आता आधी लावून पाहीन.

लसूणघासाविषयी अडचण अशी आहे की माझ्या विहिरीचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस आटते आणि जमिनीचा एक तुकडा तर पूर्णपणे पावसावरच आहे. लसूणघास नसेल तर ती प्रथिने कोठून आणावीत? आणि अझोल्याविषयी कोणी बोलले नाही.

प्रतिसाद: बांधावरची शेवरी

अझोल्याचा हिशोब आधी उरकून घेऊ. वाळलेल्या अझोल्यात प्रथिने 20 ते 25 टक्के असतात हे खरे आहे आणि त्याची कीर्ती याच आकड्यावर उभी आहे. पण ताजा अझोला 94 टक्के पाणी असतो. त्यामुळे रोज 2 किलो ताजा अझोला घातला तर शुष्क पदार्थ सुमारे 120 ग्रॅम आणि प्रथिने फार तर 30 ग्रॅम मिळतात. एक किलो हिरव्या लसूणघासातून याहून अधिक, म्हणजे 38-40 ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि म्हशीच्या एका लिटर दुधातूनच 40 ग्रॅमच्या आसपास प्रथिने बाहेर पडतात. चार म्हशींसाठी 8 किलो अझोला रोज काढायचा, त्याचा शेणाचा वास जाईपर्यंत धुवायचा, वाफ्यांना सावली करायची आणि पाण्याची पातळी राखायची, एवढ्या मेहनतीचे हे फळ आहे. कोंबड्यांना किंवा एखाद्या पारडाला थोडासा पूरक म्हणून तो ठीक आहे, पण दुधातल्या म्हशीचा खुराक त्यावर कमी करण्याचा विचार मनातून काढून टाकावा. पाण्याची ओढ असलेल्या ठिकाणी तर याचा आग्रह धरणाऱ्यांचे मला नवलच वाटते.

पावसावरच्या तुकड्यासाठी चवळी हा सर्वात सोपा मार्ग आहे. मका किंवा ज्वारी चाऱ्यासाठी पेरताना दोन ओळी मक्याच्या आणि एक ओळ चवळीची अशी पेरणी करावी. चवळी फुलोऱ्यात येऊन शेंगा धरू लागते आणि मका दुधाळ दाण्यावर येतो त्या सुमारास, म्हणजे 60-70 दिवसांनी, दोन्ही एकत्र कापावीत. एकट्या मक्यात 8-9 टक्के प्रथिने असतात, चवळीत ती 16-18 टक्क्यांपर्यंत जातात, त्यामुळे मिश्र चाऱ्याचे मोल वेगळा खर्च न करता वाढते. शिवाय चवळी जमिनीत नत्र सोडते हा फायदा पुढच्या पिकाला मिळतो.

एकदा लावून वर्षानुवर्षे कापायचा चारा हवा असेल तर दशरथ घास पाहावा. हे द्विदल झुडूप लसूणघासापेक्षा कितीतरी कमी पाण्यावर तगते. पहिली कापणी सुमारे तीन महिन्यांनी होते आणि त्यानंतर ओल असेपर्यंत दर 40-45 दिवसांनी ते कापता येते. त्याचे देठ लवकर लाकडासारखे होतात, म्हणून उशीर केला की म्हशी फक्त पाला ओरबाडतात आणि काड्या गव्हाणीत ठेवतात. बियाणे कठीण कवचाचे असते, ते गरम पाण्यातून काढून पेरल्याशिवाय उगवण एकसारखी होत नाही.

बांधावर मात्र झाडपाल्याचा विचार अवश्य करावा. शेवरी, हादगा, सुबाभूळ, शेवगा आणि गिरिपुष्प या सर्वांच्या पाल्यात वाळलेल्या वजनावर 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्रथिने असतात आणि त्यांची मुळे खोल गेल्यामुळे गवते करपल्यावरही त्यांना पाला राहतो. शेवरी व हादगा म्हशी पहिल्याच दिवशी खातात. गिरिपुष्पाला उग्र वास असल्यामुळे त्या सुरुवातीला तोंड फिरवतात. तो पाला अर्धा दिवस सुकवून कुट्टीत मिसळला आणि प्रमाण हळूहळू वाढवले की सवय होते. छाटणी कमरेच्या उंचीवर करावी, म्हणजे फूट हाताशी राहते आणि पिकावर सावली पडत नाही.

बांधावरच्या गवताविषयीही दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्याकडे फुकटचे म्हणून दुर्लक्ष होते. मारवेल किंवा पवना यांसारखी गवते फुलोऱ्यात येताच कापून सावलीत वाळवली तर ती उत्तम वाळलेली वैरण होतात. सगळीकडे होते ते असे की पेरणी-खुरपणीची कामे उरकेपर्यंत गवताचे बी झडून जाते आणि मग काडीमध्ये तीन टक्के प्रथिने उरलेले पिवळे गवत भारे बांधून आणले जाते. तेच गवत, तेवढीच मेहनत, फक्त तीन आठवड्यांचा उशीर.

प्रतिसाद: पशुसेवा

मी पशुवैद्यक आहे. वर सुचवलेले चारे उत्तम आहेत, परंतु त्यांपैकी काहींबरोबर धोकेही येतात आणि त्यांचा उल्लेख झाल्याखेरीज ही चर्चा अपुरी राहील.

सर्वात गंभीर धोका ज्वारीचा आहे. कोवळ्या ज्वारीत, पावसाने ताण दिल्यामुळे खुरटलेल्या पिकात आणि कापणीनंतर खोडव्याला आलेल्या फुटव्यात सायनाइड तयार करणारे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते. भुकेली म्हैस अशा रानात शिरली तर काही मिनिटांत धापा टाकू लागते, लडखडते आणि उपचाराआधी दगावते. ज्वारीचा हिरवा चारा पन्नास टक्के फुलोरा आल्यावरच द्यावा, त्याआधी नाही, आणि ताण पडलेल्या पिकाला पाणी किंवा चांगला पाऊस मिळून ते सावरेपर्यंत थांबावे. वाळलेल्या कडब्यात किंवा मुरघासात (हवाबंद आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यात) हे द्रव्य बऱ्याच अंशी उडून जाते. लक्षणे दिसताच डॉक्टरांना बोलवावे, कारण सोडियम थायोसल्फेटची शिरेतून दिलेली मात्रा वेळेत मिळाली तर जनावर वाचते. घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

लसूणघास, बरसीम आणि कोवळी चवळी यांनी पोटफुगी होते. दव असलेला, ओला, फुलोऱ्याआधीचा द्विदल चारा भुकेल्या जनावरास पहिल्यांदाच पोटभर घातला तर कोठीपोटात फेस धरतो आणि डाव्या कुशीत ढोलासारखी फुगवट येते. असा चारा कापून चार-पाच तास सुकू द्यावा, आधी कडबा खायला घालावा आणि मग कुट्टी करून नेपियरमध्ये मिसळून द्यावा. लसूणघास दहा टक्के फुलोऱ्यावर कापला तर धोका कमी होतो आणि प्रथिनेही फारशी घटत नाहीत.

सुबाभळीत मायमोसिन हे विषारी द्रव्य असते. एकूण हिरव्या चाऱ्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक सुबाभूळ दीर्घकाळ दिल्यास केस गळणे, गलगंड, वजन घटणे असे परिणाम दिसतात. गाभण म्हशींना तर ती बेतानेच द्यावी.

मूळ प्रश्नात वाढ्यांचा उल्लेख आहे, आणि आता नेपियरही आहे. या दोन्हींमध्ये ऑक्झॅलेट असते, जे चाऱ्यातील कॅल्शियमला बांधून टाकते. कोवळ्या नेपियरमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते, म्हणजे लवकर कापण्याचा तोटा इथेही आहेच. दुधातून कॅल्शियम सतत बाहेर जात असताना चाऱ्यातूनही ते मिळेनासे झाले की म्हैस खंगते, माज दाखवत नाही आणि व्याल्यानंतर दुग्धज्वराने बसते. अशा वैरणीवर असलेल्या प्रत्येक दुभत्या म्हशीला रोज 50 ते 60 ग्रॅम चांगले खनिज मिश्रण आणि 30 ग्रॅम मीठ आंबोणातून (भिजवलेल्या खुराकातून) दिलेच पाहिजे. द्विदल चाऱ्यात कॅल्शियम भरपूर असते, हाही लसूणघास किंवा शेवरी जोडीला ठेवण्याचा एक फायदा आहे.

एक पुस्ती जोडतो. पाणी अनेकजण दोन वेळा ठरवून दाखवतात. म्हशीला कोरडी वैरण वाढवली की पाणीही वाढवावे लागते. उन्हाळ्यात दुभती म्हैस 70-80 लिटर सहज पिते, म्हणून गव्हाणीजवळ चोवीस तास पाणी असावे.

कासरा

माहिती अत्यंत उपयुक्त आहे. आता नेपियर 45 दिवसांवर कापायचे ठरवले आहे आणि बांधावर शेवरी व दशरथ घास लावणार आहे. दोन शंका उरल्या आहेत. उन्हाळ्यात हिरवे संपल्यावर माझ्याकडे गव्हाचे काड आणि भाताचा पेंढा राहील, त्यावर युरिया प्रक्रिया करावी की मुरघास करून ठेवावा? आणि द्विदल चारा सुरू झाल्यावर खुराक किती कमी करावा?

प्रतिसाद: रवंथ

दोन्हींचे काम वेगळे आहे, त्यामुळे एकाऐवजी दुसरे असे समजू नये. मुरघास हा हिरव्याचा साठा आहे आणि युरिया प्रक्रिया ही निकस काडाला थोडे सुधारण्याची रीत आहे.

मुरघासासाठी मका सर्वात योग्य, कारण त्यात आंबण्यापुरती साखर असते. दाणा दुधाळ अवस्थेतून चिकाकडे जात असताना, चाऱ्यात शुष्क पदार्थ 30-35 टक्के असताना कापावा, एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करावी आणि थरावर थर देऊन हवा राहणार नाही असा दाबावा. मुरघास बिघडतो तो याच एका कामात कसूर झाल्याने. पायाने तुडवून भागत नाही, पिशवी किंवा खड्डा लहान असेल तरी जड पिंपाने दाबत राहावे. 45 दिवसांनी उघडल्यावर रंग पिवळसर हिरवा आणि वास आंबूस गोड हवा. काळा पडलेला, बुरशीचा किंवा कुजकट वासाचा भाग बाजूला फेकावा, तो म्हशीला मिसळूनही देऊ नये. नेपियरचा मुरघास करता येतो, पण त्यात पाणी जास्त आणि साखर कमी असल्याने गवत दिवसभर सुकवून त्यावर शुष्क वजनाच्या मानाने थोडी मळी किंवा गूळपाणी शिंपडावे, अथवा ते मक्यात मिसळावे. पावसाळ्याच्या शेवटी जे नेपियर खाऊन संपत नाही आणि उभेच जून होते, ते असे वेळेवर आत घातले तर उन्हाळ्यात म्हशीला 15 किलो मुरघास रोज देता येतो.

युरिया प्रक्रियेचे प्रमाण असे आहे. 100 किलो काडासाठी 4 किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा, काडाच्या थरांवर सारखा शिंपडावा, दाबून प्लॅस्टिकने हवाबंद करावे आणि 21 दिवस उघडू नये. या काळात सुटलेला अमोनिया काडातील धागा सैल करतो आणि प्रथिनांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास असलेले 7-8 टक्क्यांपर्यंत जाते. काढल्यावर अर्धा-एक तास पसरून ठेवावे म्हणजे वास उडून जातो, मग थोड्या प्रमाणापासून सुरुवात करावी. गव्हाचे काड आणि भाताचा पेंढा यांनाच याचा खरा लाभ होतो. चांगला ज्वारीचा कडबा मुळात चवदार आणि पचनीय असतो, त्यावर हा खटाटोप करू नये. युरियाचे पाणी उघड्यावर ठेवू नये, कारण तहानलेले जनावर ते प्यायले तर विषबाधा होते.

खुराकाविषयी सांगायचे तर, 10 किलो लसूणघासातून किंवा तेवढ्याच शेवरीच्या पाल्यातून प्रथिने सुमारे 2 किलो खुराकाएवढी मिळतात, परंतु ऊर्जा थोडी कमी मिळते. म्हणून दोन किलो सरळ कमी करू नयेत. नवी वैरण दहा-पंधरा दिवसांत टप्प्याटप्प्याने लागू करावी, त्यानंतर तीन आठवडे खुराक न हलवता दूध आणि फॅट लिहून ठेवावी, कारण कोठीपोटातील सूक्ष्मजीव नव्या चाऱ्याला रुळायला एवढा काळ घेतात. दूध स्थिरावल्यावर आठवड्याला अर्धा किलो या गतीने खुराक खाली आणावा. साधारण एक ते दीड किलोने तो कमी करता येतो असे दिसेल. दूध अर्ध्या लिटरने घटले किंवा म्हशीच्या फासळ्या उघड्या पडू लागल्या की तिथेच थांबून मागच्या मापावर यावे. ज्या म्हशी 10 लिटरच्या पुढे आहेत किंवा व्याल्याला तीन महिने झालेले नाहीत, त्यांच्या खुराकाला हात लावू नये. गाभण म्हशींचाही शेवटच्या दोन महिन्यांत तो कमी करू नये.

कासरा

धन्यवाद. युरिया प्रक्रिया केलेले काड पारडांसमोर ठेवले तर चालेल का? गव्हाण एकच आहे.

प्रतिसाद: पशुसेवा

सहा महिन्यांच्या आतील पारडांना ते देऊ नये. त्यांचे कोठीपोट पुरेसे विकसित झालेले नसल्यामुळे अमोनियाचा उपयोग त्यांना करून घेता येत नाही आणि त्याचा त्रास मात्र होतो. गव्हाण एकच असेल तर पारडांना दाव्याने दुसऱ्या टोकाला बांधावे आणि तिकडे साधा कडबा व थोडा लसूणघास किंवा शेवरीचा कोवळा पाला टाकावा. म्हशींच्या पुढ्यात उरलेले काड झाडून त्यांच्याकडे सरकवण्याची सवय गोठ्यातल्या माणसाला असतेच, ती आधी मोडावी.